सादळलेली धूळ

मुलगी बघायला आलेल्यांनी "मुलगी काय करते?" असं विचारलं की आमच्या आईची पंचाईत व्हायची. मी बी.एस्सी. झालेली, धारवाडजवळ बेलूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत नोकरीला, आणि काम धूळ चाळण्याचं. आई म्हणायची, "ती परीक्षा घेते." पाहुण्यांना वाटायचं, शाळेत आहे. ते खूश व्हायचे. मग मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर यायचे आणि सांगायचे की परीक्षा मुलांची नाही, लष्करी ट्रकच्या फिल्टरची घेते, त्यासाठी धूळ चाळते, वाळवते आणि पंख्यासमोर सोडते. पोहे संपायच्या आत मंडळी उठायची. हात दाखवून अवलक्षण कशाला करतेस, असं आई नंतर म्हणायची. धूळ चाळते तर धूळच म्हणणार, केशर चाळते म्हणू काय, असं मी म्हणायचे. तरी पुढच्या पाहुण्यांना ती पुन्हा परीक्षाच सांगायची. गल्लीतही तिने तेच सांगून ठेवलं होतं.

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. कारखाना म्हणजे पत्र्याच्या दोन शेडी. मालकांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा कन्नडिग, कपाळाला रोज विभूती, स्वभावाने सरळ आणि चिवट. दुसऱ्याच्या देवळापुढून जातानाही चपला काढून नमस्कार करणारा माणूस. त्यांच्याकडे सैन्याच्या ट्रकांसाठी हवेचे फिल्टर बनत. इंजिनालाही श्वास लागतो, आणि श्वासातून धूळ आत गेली की ते आतून झिजतं. म्हणून इंजिनाच्या तोंडाला हा लोखंडी डबा बसवायचा. तळाला तेल, वर तारेच्या जाळीचा गुंता. हवा आत येते, तेलावर आपटून उलटी वळते, जड कण तेलात बुडतात, राहिलेले जाळीत अडकतात, आणि स्वच्छ हवा इंजिनात जाते. निदान जावी अशी अपेक्षा.

माझी परीक्षा सोपी होती. फिल्टरच्या मागे पंखा हवा ओढायचा, पुढून मी थोडीथोडी धूळ सोडायचे, आणि मागे पांढऱ्या मलमलीचं फडकं ताणून बांधलेलं असायचं. फडकं पांढरं राहिलं की फिल्टर पास. तांबूस झालं की नापास, आणि फिल्टर परत जाळी भरायला. मी कडक होते. फडक्यावर बोटाएवढा डाग दिसला तरी परत पाठवायचे, आणि जाळी भरणारे लोक मला बघून दुसऱ्या शेडीत जायचे.

आता ही धूळ यायची कुठून, तर शेडीमागून. मागून बैलगाड्यांची वाट जायची. चैत्र-वैशाखात तिथली तांबडी धूळ घमेल्यांनी भरून आणायची, चटईवर पसरून उन्हात वाळवायची, मैद्याच्या चाळणीने चाळायची आणि पत्र्याच्या पिंपात भरून वर फडकं बांधून ठेवायची. वर्षभराची बेगमी. घरी आई शेवया-सांडगे घालत असायची त्याच उन्हात आमची धूळ वाळायची, आणि कोणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्याकडे जे काही वर्षभर लागतं ते असंच उन्हाळ्यात वाळवून ठेवतात. सैन्याच्या कागदात वाळवंटी धूळ वापरावी असं लिहिलं होतं. अप्पांचं म्हणणं, धूळ म्हणजे धूळ, ती गावोगाव वेगळी असायला काय लोणचं आहे? सैन्याचे तपासनीस आले, त्यांनी फडकं बघितलं, चहा घेतला आणि गेले. पिंपात डोकवावंसं कोणालाच वाटलं नाही.

आमच्या घरी तेव्हा आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. वडील भूगोलाचे मास्तर होते, ते आधीच गेले होते. भाऊ सैन्यात, गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेत, आणि नेमणूक राजस्थानात, जैसलमेरच्याही पलीकडे. नुकताच तो नाईक झाला होता. त्याच्या बाहीवर दुसरी फीत आली तेव्हा आईने धारवाडातल्या आमच्या मळमड्डी भागात घरोघरी साखर वाटली. फीत म्हणजे काय हे तिला नीट कळलं नव्हतं, पण ती शिवून बसवलेली असते आणि उतरवताही येते, एवढं तिला माहीत होतं.

त्या श्रावणात तो गोकुळाष्टमीला म्हणून रजेवर आला. त्याने ट्रंक उघडली आणि माजघरात पिठासारखी फिकट पूड सांडली. कपड्यांच्या घड्यांत पूड, दाढीच्या डबीत पूड, बंद पडलेल्या मनगटी घड्याळाच्या काचेखाली पूड. आईने तीनदा पुसलं आणि म्हणाली, हे काय रे घेऊन आलास? तो म्हणाला, आणलं नाही, आलं. तिकडे एक ट्रक गेला की ही धूळ चहा पिऊन होईपर्यंत हवेत तशीच लटकलेली असते. खाली बसतच नाही. बंदुकीला तेल लावायचं म्हटलं तर हात आखडता घ्यावा लागतो, कारण तेलावर धूळ बसते आणि त्याचं वाटण होतं, आणि ते वाटण लोखंड खातं. म्हणून तिकडे बंदुका कोरड्या पुसतात. बिनतारी यंत्राची बटणं फिरवली की करकर वाजतात. इकडे धारवाडात गंज हा शत्रू आणि तेल हा मित्र. तिकडे सगळं उलटं. आई हे ऐकून म्हणाली, कसल्या मुलखात पाठवलंय मेल्यांनी.

जेवताना मात्र त्याने भात नुसता चिवडला. दुसऱ्या दिवशी आई देवळात गेली तेव्हा त्याने मला सांगितलं. त्याच्या तुकडीतल्या ट्रकांची इंजिनं एकामागून एक बसली होती. काळा धूर, मग ताकद नाही, मग बंद. एक ट्रक तर भर वाळूत बंद पडला आणि आतली पोरं पाणी संपवून बसली होती. इंजिनं उघडली तर आतून झिजलेली. फिल्टर वेळेवर साफ केले नाहीत, असा ठपका त्याच्यावर आला होता. रजा संपवून गेला की चौकशी, आणि चौकशीत दोष निघाला तर फीत जाणार. हे आईला सांगायचं नाही.

मग म्हणाला, "अक्का, फिल्टर मी रोज स्वतःच्या हाताने धुतले आहेत. तुमचा फिल्टरच धूळ सोडतो."

तुमचा म्हणजे आमचाच. त्या ट्रकांवर बेलूरचाच माल होता. डब्यावर आमच्या शेडीचा शिक्का त्याने पाहिला होता आणि मोठ्या अभिमानाने बरोबरच्यांना दाखवलाही होता.

माझा पारा चढला. प्रत्येक फिल्टर माझ्या हाताखालून गेलेला. फडकं पांढरंशुभ्र. मी म्हटलं, लहानपणी दात घासल्याशिवाय चहा प्यायचास तो तू, तुझ्या साफसफाईवर मी विश्वास ठेवू? तो म्हणाला, चोर सोडून संन्याशाला फाशी. मी म्हटलं, संन्यासी तर संन्यासी, भगवे नाहीत म्हणून हिरवे घातलेत. माझी उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. तो उठून गेला. खरं सांगायचं तर मला त्याची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की मी भांडते. घरात आमच्यापैकी एकाचं काम खोटं होतं, आणि दोघांनीही आपल्या हातांनी ते चोख केलं होतं.

दुसऱ्या सकाळी त्याने दुधाच्या पावडरीचा एक डबा आणून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. तिकडची धूळ, खास माझ्यासाठी गाळून आणलेली. एकदा तुझ्या पंख्यासमोर सोडून बघ, एवढंच म्हणाला. मी रागात होते. बघू, म्हटलं, आणि डबा तिथेच ठेवून कामावर गेले.

इथे आमच्या आईने प्रवेश केला.

अष्टमीच्या आदल्या दिवशी घरातले देव घासायचे असतात. आईने फळीवरचा डबा उघडला. आत मैद्याहून मऊ, फिकट पिवळी पूड. मुलगा राजस्थानातून आला आहे, राजस्थानात संगमरवर असतो, त्याची भुकटी भांड्यांना उत्तम, असा तिने हिशोब केला. आधी समई घासली. चिंच नको की लिंबू नको, समई लखलखली. मग ताम्हन, मग घंटा, मग देव. एवढी चांगली वस्तू एकटीने कशी वापरायची, म्हणून तिने वाट्या भरभरून गल्लीत वाटली. लेकाने आणलीय, थोडी घ्या, जोर लावून घासा.

मी संध्याकाळी घरी आले तर देवघरात डोळे दिपत होते. आई खुशीत. मी बाळकृष्ण हातात घेतला. आमचा रांगता पितळी बाळकृष्ण, मूठभर, हातात लोण्याचा गोळा. त्याच्या चेहऱ्यावर कोरलेले डोळे होते, भुवया होत्या, ओठांची एक बारीक रेघ होती. त्यातलं काही उरलं नव्हतं. नाक आधीच पिढ्यान् पिढ्या घासून नावापुरतं होतं, तेही गेलं होतं. गुळगुळीतही नव्हता, उजेडात धरला तर चेहराभर बारीक ओरखडे दिसायचे. आईला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि घासताना ती चष्मा काढून ठेवते.

मी चष्मा आणून दिला. तिने बघितलं आणि पाटावर बसली. पदराने त्याचा चेहरा पुसून पुन्हा बघितला. मग म्हणाली, याला आता दिसणार कसं? मला तिची दया आली आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी नुसती ओरडले. कशाला हात लावलास, विचारता येत नाही, सगळ्या गल्लीला कशाला वाटलंस? भाऊ आवाज ऐकून आत आला. त्याने बाळकृष्ण हातात घेतला, खिडकीशी नेऊन तिरपा धरून बघितला आणि हसला. मग हसायचा थांबला.

"अक्का, सिलिंडर असाच दिसतो," तो म्हणाला.

इंजिनातल्या नव्या सिलिंडरच्या आतल्या बाजूला बारीक रेघा असतात, तेल धरून ठेवायला. इंजिन उघडलं तेव्हा त्या रेघा पुसल्या गेल्या होत्या आणि असेच ओरखडे होते, हे त्याने मला आधीही सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि देवाचं तोंड बघणं वेगळं. मी डबा बघितला. तळाला चमचाभर उरली होती. चिमूट घेऊन दाताखाली धरली. करकरली, पण फुटली नाही. आमच्या पिंपातल्या धुळीचा कण नखाने दाबला तरी त्याचा भुगा होतो, दाताखाली तर त्याची चिकणमातीच होणार. एवढी साधी गोष्ट आम्ही कोणी करून बघितली नव्हती, कारण धूळ तोंडात घालायची नसते असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं.

मी वाटी घेऊन गल्लीत निघाले. दिलेली वस्तू परत मागायला जाण्यासारखं दुसरं लाजिरवाणं काम नाही, आणि त्यातून मागायची ती धूळ. एकीने अर्धी वापरून उरलेली राखेत मिसळली होती. एकीचं आरशासारखं स्टीलचं ताट पत्र्यासारखं झालं होतं, ते तिने मला दारातच दाखवलं. तुमच्या आईने जोर लावून घासा म्हटलं होतं, असंही म्हणाली. मी क्षमा मागितली आणि वाटी पुढे केली. एवढ्या मोठ्या शिकलेल्या बाईला चिमूटभर मातीचा एवढा सोस, असं कोणीतरी मागून कन्नडमध्ये म्हणालं. सगळी घरं फिरून जेमतेम एक वाटी भरली. एका परीक्षेपुरती होती.

दुसऱ्या दिवशी अष्टमीचा उपास सगळ्यांना, पण देव्हाऱ्यातली मधली जागा रिकामी. कारण बाळकृष्ण मी कारखान्यात घेऊन जाणार होते. नुसती धूळ दाखवून अप्पा ऐकणार नाहीत हे मला पक्कं ठाऊक होतं. माल तयार होता, पेट्या ट्रकवर चढत होत्या, तो ट्रक हुबळीच्या मालधक्क्याला जायचा होता. आई आधी नाही म्हणाली. जन्माच्या दिवशी देव घराबाहेर? मग भावाच्या चौकशीचं तिला सांगावंच लागलं. ते ऐकल्यावर ती उठली. स्टीलचा डबा धुऊन पुसला, तळाला रेशमी खण घातला, बाळकृष्ण ठेवला, वर तुळशीचं पान. चामड्याच्या पर्सला लावायचा नाही, बसमध्ये पायाशी ठेवायचा नाही, आणि दुपारी साखर दाखवायची, अशा तीन अटी घातल्या. बरोबर मी घरातली पितळी पळीही घेतली. ती सकाळी मी पिंपातल्या धुळीने, आईने देव घासला तितकाच वेळ, तितकाच जोर लावून घासली होती. मूठभर धूळ मी आदल्या आठवड्यात हात धुवायला म्हणून घरी आणलेली होती. पळी स्वच्छ झाली होती, आणि दांड्यावरची कोरलेली वेल होती तशीच होती.

भाऊ साध्या कपड्यांत बरोबर आला. अप्पांच्या टेबलावर मी डबा उघडला आणि बाळकृष्ण त्यांच्यासमोर ठेवला. अप्पा ताडकन उठले. खुर्चीत बसून देवाशी बोलायचं कसं? चपला काढल्या, बाहेर जाऊन हात धुऊन आले, आणि माप घेण्याच्या टेबलावरचं भिंग आणून उभ्यानेच बघू लागले. मी पळी शेजारी ठेवली. हे आपल्या धुळीने घासलेलं, हे तिकडच्या. अप्पांनी एकदा पळी बघितली, एकदा देव बघितला, पुन्हा पळी. हे कोणी केलं, त्यांनी विचारलं. माझ्या आईने, एका सकाळीत, असं मी म्हटलं. मग त्यांनी भावाकडे बघितलं, आणि मी तो कोण ते सांगितलं.

अप्पा चिवट होते असं मी म्हटलंच आहे. ते म्हणाले, धूळ कडक आहे हे मान्य. पण कडक असली तरी फिल्टरमधून आत जाते हे कुठे सिद्ध झालं? बोलणं बरोबर होतं. मग आम्ही पंखा लावला, ट्रकवर चढणाऱ्यांतलाच एक फिल्टर उतरवून बसवला, नवं फडकं बांधलं, आणि मी वाटीतली धूळ सोडली.

आमची धूळ सोडली की ती फिल्टरच्या तोंडाशी धपकन बसायची. ही बसली नाही. हवेत धुरासारखी तरंगली, हवेबरोबर वळली, तेलावर न आपटता वर गेली आणि जाळीतून निघून गेली. फडक्यावर पिवळसर सावली धरली. सावली गडद होत गेली. भावाने पुढे होऊन फडक्यावरून बोट फिरवलं आणि ते बोट बघत उभा राहिला. तो जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकल्यासारखा नव्हता. माझ्याकडे त्याने बघितलंच नाही, त्याबद्दल मी त्याची अजून आभारी आहे.

तरीही अप्पा म्हणाले, ही लोकांची धूळ झाली. आपली धूळ का अडते ते दाखव. मी पिंपाचं फडकं काढलं आणि हात घातला. श्रावणाची हवा लागून धूळ सादळली होती. पापड सादळतात तशी. बोटांनी दाबली की खडे व्हायचे. खडे जड, जड ते तेलात बुडणार, बुडाले की फडकं पांढरं. चैत्रात बेगमी करून ठेवलेली धूळ पावसाळ्यात सगळे फिल्टर पास करत होती, आणि भावाच्या ट्रकांवरचा माल मागच्या पावसाळ्यातलाच होता. मी चहाच्या स्टोव्हवर कढई चढवली आणि रवा भाजतात तशी ती धूळ भाजली. कामगार जमा झाले. कोणी हसलं नाही. कोरडी झाल्यावर तीही पंख्यासमोर सोडली. या वेळी फडकं तांबूस झालं, पिवळ्याइतकं नाही, पण मी नापास करते तितकं नक्कीच.

अप्पा दोन्ही फडकी हातात घेऊन उभे होते. बाहेर ट्रकवाला भोंगा वाजवत होता, त्याला उशीर होत होता. त्या पेट्या गेल्या तर कोणाला काही कळणार नव्हतं. माझ्या भावाची फीत गेली असती, आणखी काही इंजिनं बसली असती, आणि ठपका ठेवायला तिकडे दुसरा कोणी नाईक सापडला असता. पेट्या थांबवल्या तर दोन्ही शेडींतल्या माणसांची चूल विझणार होती, हे अप्पांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. ते अनवाणीच दारापर्यंत गेले.

"माल इळसरी," ते म्हणाले. माल उतरवा.

मग आत येऊन मला म्हणाले की दुपार झाली, तुझ्या देवाला साखर दाखवायची राहिली. स्वतःच कपाटातून साखर काढून त्यांनी बशीत ठेवली. तिसरी अट मी साफ विसरले होते.

अप्पांनी त्याच दिवशी स्वतःच्या नावाने तार केली की आमच्या मालात दोष आहे, वापर थांबवा. ते पिवळं फडकं भावाच्या ट्रंकेत गेलं. स्टेशनवर गाडी हलताना तो मला एवढंच म्हणाला की पुढच्या खेपेला डब्यावर 'आईने हात लावू नये' असं मोठ्या अक्षरांत लिहून आणीन. पुढे अप्पांनी हवा आधी भोवऱ्यासारखी फिरवणारं एक तोंड फिल्टरला बसवलं, धूळ राजस्थानातून पोत्यांनी येऊ लागली, आणि खंडेनवमीला यंत्रांबरोबर त्या पोत्यालाही हळदकुंकू लागलं. पण ते सगळं नंतरचं.

तेव्हा मात्र सैन्याने मागणी थांबवली होती. एक शेड बंद, दुसरीत चार माणसं. परीक्षा घेणारी व्यक्ती बदलावी, असं वरून सुचवण्यात आलं होतं. धूळ सैन्याच्या कागदाप्रमाणे घ्यायला नको का, असं मी अप्पांना एकदा विचारलंही होतं आणि लोणच्याचं उत्तर ऐकून गप्प बसले होते, पण हे वर कोणाला सांगणार? अप्पा मला काही बोलले नाहीत. काहीच बोलले नाहीत, याचाच मला धसका होता.

गौरी-गणपतीच्या आत भावाचं पत्र आलं. चौकशीत त्याच्यावरचा ठपका पुसला गेला, फीत शाबूत. आई पेढे घेऊन गल्लीत निघाली. ज्यांच्या ताटांची वाट लावली होती त्यांना तिने दोन दोन पेढे दिले. देवाचं म्हणाल तर भटजींनी निर्वाळा दिला होता की झिजलेली मूर्ती भंगलेली नव्हे, विसर्जन करायची गरज नाही. आई रोज त्याला गंध लावायची. डोळे कुठे होते ते तिला पाठ होतं.

मी त्या दिवशी कारखान्यातून आले ती पायरीवरच बसले होते. आई रिकामा डबा घेऊन परत आली. आनंदात होती, आणि मला बघून थांबली.

"त्याची फीत राहिली," ती म्हणाली. "आता तुझी जाणार का?"

मी म्हटलं, मला कुठली फीत, नसलेली जाणार कशी?

"नाही कशी? सगळ्या गल्लीला सांगितलंय मी, परीक्षा घेते म्हणून."

इतके दिवस मी नुसती चिडत होते. अप्पांवर, आईवर, त्या पिंपावर, पावसावर. आता मला रडू आलं, आणि मी उठून तशीच घरात पळाले. आई मागून आली. जवळ घेईल असं वाटलं. तिने माझ्या पायांकडे बघितलं.

आधी चपला काढ म्हणाली, घरभर चिखल होतोय.